मोटेच्या चामड्याचा टायर

पत्रक आधी छापून झालं आणि टायर नंतर फाटला. हे उलट झालं असतं तर मी जरा जपून लिहिलं असतं, असं माझा भागीदार अजूनही म्हणतो. मला तसं वाटत नाही.

जुन्नरात वडिलांचा लहानसा छापखाना होता. पोट भरायला लग्नपत्रिका आणि पावत्या, आणि उरलेल्या वेळात पत्रकं: विलायती कापडाविरुद्ध, दारूविरुद्ध, हुंड्याविरुद्ध, शिवाशिवीविरुद्ध. मी वाचायला शिकलो ते पाटीवर कमी आणि त्या ओल्या शाईच्या कागदांवर जास्त. त्यामुळे एक जुनी मोटार हाती आली तेव्हा पहिलं काम मी पत्रक काढण्याचंच केलं.

मोटार आम्हा दोघांची होती. भागीदार कागदी मोहल्ल्यातला, माझ्याहून सहा वर्षांनी मोठा. त्याच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या हातकागद बनत आला होता. हा मात्र महायुद्धात बसऱ्याला गेला आणि लष्कराच्या मोटारी दुरुस्त करायला शिकून आला. बदली होऊन निघालेल्या एका साहेबाने आपली मोटार मिळेल त्या किमतीला विकून टाकली, ती आम्ही घेतली. वरचा कापडी टप फाटका होता. भोंगा सर्दी झालेल्या रेड्यासारखा वाजायचा. पण भागीदाराने दोन महिने तिच्या पोटात डोकं घालून तिला चालती केली.

पत्रकात मी लिहिलं: ‘जुन्नर ते घोडेगाव, नारायणगाव-मंचरमार्गे मोटार. येत्या रविवारी सकाळी बाजारातून सुटेल. जो आधी येईल तो आधी बसेल. कोणालाही जात विचारली जाणार नाही.’ शेवटच्या ओळीला छापखान्यातला सगळ्यांत मोठा टाइप लावला. एरवी तो फक्त जत्रेच्या जाहिरातींना लागायचा.

दुसऱ्याच दिवशी एक म्हातारे गृहस्थ छापखान्याच्या पायरीखाली येऊन उभे राहिले. विहिरीतून पाणी काढायच्या चामड्याच्या मोटा शिवण्यात त्यांचा हात धरणारं आसपासच्या दहा गावांत कोणी नव्हतं. त्यांनी पत्रक कोणाकडून तरी वाचून घेतलं होतं.

“दादा, यात लिवलंय ते खरं हाय का?”

“अक्षर न्‌ अक्षर.”

“म्हंजे मला बी बसाया मिळंल?”

“तुम्ही पहिले आलात, बाबा. पुढची जागा तुमची.”

त्यांची लेक घोडेगावला दिलेली. तिला आई नव्हती, म्हणून बाळंतपण सासरीच झालं होतं. रविवारी बारसं होतं आणि माहेरची कुंची घेऊन जायला यांच्याशिवाय कोणी नव्हतं. डोंगरातून पायी गेले असते, पण गुडघा सुजला होता. टांगेवाले अस्पृश्याला टांग्यात घेत नसत. “मागल्या खेपंला लई हात जोडलं,” ते म्हणाले. “घोडा बाटतो म्हनं.”

मी तिथल्या तिथे एक भाषण केलं. ते त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि गेले.

आणि त्याच दिवशी, दुपारी, मोटार बाजारातून फिरवून आणताना पुढचा डावा टायर फाटला. आवाज एवढा झाला की टांग्याची दोन घोडी उधळली. टांगेवाल्यांनी आधी घोडी धरली आणि मग पोट धरलं.

भागीदार पुण्याला जाऊन आला. दुकानदाराने सांगितलं की या मापाचे टायर आता येत नाहीत, मुंबईहून मागवावे लागतील, तीन आठवडे लागतील. आणि जी किंमत सांगितली ती ऐकून भागीदाराने विचारलं होतं म्हणे, की त्या टायरबरोबर मोटारही मिळते का.

“स्वदेशी नाहीत का मिळत?” मी विचारलं.

“मिळतात की,” तो म्हणाला. “तुझ्या धोतराचा बनवतो एक. सोड.”

मग आम्ही जुन्या टायराच्या शोधाला लागलो. ओझरच्या एका बागायतदाराने पूर्वी मोटार ठेवली होती आणि तिचा एक टायर अजून त्याच्या अंगणात आहे, असं कळलं. सायकल काढून गेलो. टायर होता, माप तेच होतं, फारसा झिजलेलाही नव्हता. पण तो आडवा ठेवून त्यात माती भरली होती आणि मातीत तुळस लावली होती. भोवती रांगोळी. घरच्या बाई निरांजन घेऊन बाहेर आल्या. मूर्तिपूजेविरुद्ध मी कमीत कमी चार पत्रकं वाचली होती, त्यांतलं एकही वाक्य त्या वेळी आठवलं नाही. त्यांनी चहा दिला. मी तुळशीला नमस्कार करून परत आलो.

भागीदार दोन मिनिटं हसला. मग गंभीर झाला आणि म्हणाला, “बसऱ्यात ट्यूब संपल्या की आम्ही टायरमध्ये गवत कोंबायचो. तीस-तीस मैल गाडी जायची.”

शुक्रवारी सकाळी आम्ही फाटक्या टायरमध्ये भाताचा पेंढा कोंबला. घाटघरकडून आलेला, लांब काडीचा, कोवळा सोनेरी पेंढा. फाटलेल्या जागी काथ्याची दोरी गुंडाळली. मोटार निघाली. जरा लंगडत निघाली, पण निघाली! टांग्यांच्या अड्ड्यापाशी मी मुद्दाम थांबवायला लावली, खाली उतरलो आणि स्वावलंबन या विषयावर बोलू लागलो. लोक जमले. हसू लागले. मला वाटलं, त्यांना माझा मुद्दा पटतोय. मग मागे पाहिलं तर एका सोडलेल्या गाडीचा बैल आमचं पुढचं चाक खात होता. दोरीच्या फटीतून त्याने हातभर पेंढा ओढून काढला होता आणि डोळे मिटून चघळत होता.

“राव, रातच्याला सरकी बी घाला,” एक टांगेवाला ओरडला. “दूध दील मोटार!”

भागीदाराने बैलाला हाकललं आणि तो स्वतःच चाकाशी बसून हसायला लागला. मला हसू येईना. परवा रविवार होता. पायरीखाली उभे राहून विचारणाऱ्या त्या माणसाला मी ‘अक्षर न्‌ अक्षर’ म्हणालो होतो.

ते गर्दीतच होते. काठी टेकत पुढे आले, चाकापाशी वाकले, टायरवरून हात फिरवला.

“बैल पेंढा खातुया,” ते म्हणाले. “कातडं न्हाई खात.”

जुन्या मोटेचं चामडं त्यांच्याकडे पडून होतं. आहुप्याकडच्या हिरड्यांनी कमावलेलं, वर्षानुवर्षं विहिरीच्या दगडांवर घासूनही न फाटलेलं. भागीदाराने पेंढा काढून टाकला आणि ठिगळं लावलेली ट्यूब परत आत घातली. म्हाताऱ्यांनी चामडं भिजवलं, फाटक्या टायरवर ओल्यानेच ओढून बसवलं आणि चाकाच्या आऱ्यांमधून चामड्याची वादी ओवून आतल्या बाजूने शिवत गेले. प्रत्येक टाक्याला पाय देऊन वादी ताणायची, दातांत धरायची, पुढचं भोक पाडायचं. “वाळलं की आवळतं,” ते म्हणाले. “मोट गळली का कदी माजी?” भागीदार शेजारी बसून असा बघत होता, जसं त्याने बसऱ्याला कुठल्या गोऱ्या सार्जंटाकडेही बघितलं नसेल. शनिवारभर चाक उन्हात ठेवलं. चामडं वाळलं, आवळलं, आणि हाताने वाजवलं तर ढोलकीसारखं वाजलं. वरून करंजाचं तेल चोळलं. या कामाचे पैसे घ्यायला ते तयार होईनात आणि आपलं भाडं मात्र आगाऊ देऊन गेले.

रविवारी सकाळी बाजारात ही गर्दी. म्हातारे धुतलेला फेटा बांधून, कुंचीची पुरचुंडी छातीशी धरून पुढच्या जागेवर बसले. मागे पाच जण चढले. इतक्यात मंचरला निघालेले एक धान्याचे व्यापारी आले आणि मोटारीपाशी थबकले.

“हा पुढं कसा?”

या क्षणाची मी आठवडाभर तयारी केली होती. माझ्याकडे तीन मुद्दे होते. पहिला मुद्दा अर्धा झाला नसेल, भागीदार मध्येच म्हणाला, “शेठ, पुढचं चाक यांनी शिवलंय. वाटेत टाका उसवला तर तुम्ही शिवणार का? येतं शिवायला? मग या, बसा पुढं.”

लोक खदखदून हसले. व्यापाऱ्यांनी चाकाकडे पाहिलं, उन्हाकडे पाहिलं आणि मुकाट्याने मागे चढले.

मोटार सुटली; भागीदार चालवत होता, म्हातारे आणि मी त्याच्या शेजारी. चामड्याच्या वासाने बाजारातली सगळी कुत्री त्या एका चाकामागे लागली आणि वेशीपर्यंत भुंकत आली. मला मात्र भागीदाराचा राग आला होता. हे उत्तर चुकीचं होतं. म्हातारे पुढे बसले ते कारागीर म्हणून नव्हे; त्यांना एक टाकाही घालता येत नसता तरी ती जागा त्यांचीच होती. हे मी मागे वळून सगळ्यांना समजावून सांगू लागलो. हक्क आणि उपकार यांतला फरक सांगितला. नारायणगाव जवळ आलं तरी मी बोलतच होतो.

शेवटी म्हाताऱ्यांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

“दादा, तुमी म्हनता त्ये समदं खरं. पर जरा गप ऱ्हावा. मला बगू द्या.”

मी गप्प झालो. ते समोर पाहत होते. रस्ता, दोन्ही बाजूंच्या बाभळी, अंगावर येणारे आणि मागे जाणारे पूल. पुरचुंडीवर त्यांचा हात होता आणि चढ आला की ते मोटारीला हळूच “हां, हां” म्हणत होते.

मंचरला व्यापारी उतरले. उतरताना पुढच्या चाकावर बोटांनी टिचकी मारून पाहिली आणि चालू लागले. घोडेगावात बाकीचे उतरले. म्हातारेही उतरायला लागले, तसा भागीदार म्हणाला, “बाबा, बसा. घर कुठंय?”

“गावाभाईर हाय, भाऊ. तितवर गाडी जात न्हाई कुनाची.”

“आज जाईल.”

दगडधोंड्यांतून, ओढ्याच्या पात्रातून आम्ही वस्तीवर गेलो. भोंग्याने माणसं बाहेर आली. पाळणा बांधून झाला होता, बायका थांबल्या होत्या. लेक दारात आली. डोक्याला फडकं, छातीशी बाळ.

“आबा! पायी आलात? गुडगा सुजलाय न्हवं?”

म्हाताऱ्यांनी नुसतं मोटारीकडे बोट केलं. तिचा विश्वास बसेना. ती पुढे आली, चाकापाशी थांबली, वाकली आणि वादीवरून बोट फिरवलं.

“ह्यो टाका तर तुमचा हाय,” ती म्हणाली.

मग तिने बाळ त्यांच्या हातात दिलं, पुरचुंडी सोडून कुंची काढली आणि तिथेच, मोटारीच्या सावलीत, बाळाला घातली. आत बायका ओरडत होत्या की पाळण्यापाशी घाल, इथं घाल. ती ऐकेना. आम्हाला दोघांना घुगऱ्या मिळाल्या. भागीदार वस्तीवरच्या पोरांना एकेक करून पुढच्या जागेवर बसवून भोंगा वाजवू देत होता, आणि रांग इतकी लांब झाली की परत निघायला आम्हाला दुपार टळली.