खोलीचा दोष

प्रणित नाखवा उरणकडच्या खाडीकाठच्या कोळीवाड्यात वाढला. घरातले सगळे होडीवर, हा मात्र कॉलेजात असल्यापासून डीजेच्या गाडीवर. हळदीच्या मांडवापुढे स्पीकरच्या भिंती उभ्या करायच्या, वायरी ओढायच्या आणि त्या भिंतींच्या पुढ्यात उभं राहून आवाज जुळवायचा, यातच त्याची तरुणपणाची सगळी वर्षं गेली. पंचक्रोशीत त्याचं नाव होतं. प्रणित आला की मांडव हलणार, असं लोक कौतुकाने म्हणायचे.

लग्नानंतर तो पनवेलला आला. बायको इथलीच, नाव पूर्वी, बालवाडीत शिकवणारी. त्याने रोज डीजेच्या गाडीवर परगावी जाणं तिला नको होतं आणि त्यालाही आता ते सोसत नव्हतं. म्हणून त्याने मिक्सिंगचं काम धरलं. गायकाचा आवाज, बेंजो, ढोलकी असं सगळं सुटंसुटं रेकॉर्ड होऊन यायचं. कुणी कुणाला झाकणार नाही अशा बेताने ते एका गाण्यात बसवायचं. बायकोच्या मामांच्या इमारतीखाली तळघरात एक लहान खोली पडून होती. मामांनी ती वापरायला दिली.

खोलीत स्पीकर लावले आणि पहिल्याच दिवशी कळलं की प्रकरण अवघड आहे. टाळी वाजवली की ती भिंतींवर आपटत राहायची. मधोमध बसलं की बासचा खालचा घुमारा नाहीसा व्हायचा, दारापाशी गेलं की तोच छातीवर बसायचा. अशात आर्यनचं एक गाणं परत आलं, मग दुसरंही. आर्यन हळदीची गाणी काढायचा आणि प्रणितला थोरला भाऊ मानायचा.

"दादा, गाणं भारी झालंय, पण टोचतंय. शब्दातला 'स' आला की सुरी फिरवल्यासारखं वाटतं."

"खोलीचा दोष आहे," प्रणित म्हणाला. "इथे मला एक ऐकू येतं, बाहेर दुसरंच वाजतं. थोडी कळ काढ, मी खोलीच सरळ करतो."

आणि तो कामाला लागला. आधी भिंतींची ओल काढली, कारण भिंतीत पाणी मुरलं तर आत घातलेलं सगळं कुजणार. मग कळंबोलीहून रॉकवुलच्या लाद्या आणल्या. कारखान्यांतल्या गरम पाइपांना गुंडाळतात तोच दगडी लोकरीचा माल. लाकडी चौकटी त्याने स्वतः ठोकल्या, त्यांत लाद्या बसवल्या आणि वरून कापड ताणलं. त्या लोकरीची कुसं हाताला लागली की दिवसभर खाज सुटायची. पूर्वी त्याचा जुना पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून मदतीला उभी राहायची.

चौकट भिंतीवर नेमकी कुठे टांगायची, ते आरशाने ठरलं. प्रणित खुर्चीत बसला आणि पूर्वी भिंतीला लावून आरसा हळूहळू सरकवत गेली. "थांब," तो म्हणायचा. ज्या ठिकाणी आरशात स्पीकर दिसला, तिथूनच आवाज उलटून त्याच्या कानावर येत होता. तिथे तिने खडूने फुली मारायची. चारही कोपरे जमिनीपासून छतापर्यंत जाड लोकरीने भरले, कारण बास कोपऱ्यात साठतो. डोक्यावरही एक चौकट टांगली.

शेवटची चौकट लागली त्या दिवशी पूर्वी आत आली आणि आपोआप हळू बोलायला लागली. टाळी वाजवली तर ती जागच्या जागी विरली. प्रणितने मोजणीचा माइक ठेवून सगळ्या पट्ट्यांतले आवाज वाजवून पाहिले. संगणकावरची रेघ आधी डोंगरदऱ्यांसारखी होती, ती आता बरीचशी सपाट आली. त्या समाधानात त्याने आर्यनचं गाणं नव्याने, अगदी मन लावून मिक्स केलं आणि पाठवलं.

दुपारी आर्यनचा फोन आला. "दादा, तेच आहे. उलट जरा जास्तच."

प्रणितने गाणं पुन्हा लावलं. त्याला काहीच टोचत नव्हतं. गाणं थांबवलं तेव्हा मात्र एक बारीक शिट्टी जाणवली. याआधी ही कधी वेगळी ऐकू आली नव्हती. एवढी शांतताच नव्हती. त्याला वाटलं, स्पीकरमध्ये काहीतरी बिघडलंय. त्याने स्पीकर बंद केले. मग संगणक, मग पंखा. शेवटी त्याने मेन स्विच खाली ओढला. तळघरात अंधार झाला. शिट्टी चालूच होती.

"ही शिट्टी कुठून येतेय?" त्याने शेजारी उभ्या पूर्वीला विचारलं.

"कसली शिट्टी?" पूर्वी म्हणाली. "मला फक्त माझं घड्याळ ऐकू येतंय."

"घड्याळ?"

तिने मोबाइलचा दिवा लावला आणि मनगट त्याच्या उजव्या कानाशी धरलं. मग डाव्या. त्याने तिचा हात डोळ्यांसमोर आणला. काटा व्यवस्थित सरकत होता.

कानाच्या डॉक्टरीणबाईंनी तपासणी करून कागद पुढे ठेवला. रेघ चांगली चालत आली होती आणि बारीक, तीक्ष्ण आवाजांच्या जागी पोहोचल्यावर विहिरीत पडावी तशी खाली गेली होती. "हे एका दिवसात झालेलं नाही," त्या म्हणाल्या. "गेलेलं परत येणार नाही. राहिलेलं जपायचं." जे त्याला कमी ऐकू येत होतं, ते तो नकळत गाण्यात वाढवून घालत होता. टोचण्यात खोलीचा काही दोष नव्हता.

त्यानंतर त्याने तळघराला कुलूप लावलं. आर्यनचे फोन घेतले नाहीत. पूर्वी काही विचारायला गेली की म्हणायचा, "नंतर."

त्याच सुमारास त्याचे वडील काशिराम मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी पनवेलला येऊन राहिले. जन्मभर होडीच्या डिझेल इंजिनाशेजारी बसून त्यांचे कान गेले होते. त्यांच्याशी घरात सगळे ओरडूनच बोलायचे. टीव्हीचा आवाज जिन्यात ऐकू जायचा. डोळ्याची पट्टी निघाल्यावर ते म्हणाले, "तुजी खोली तरी दाखव मना."

प्रणितने नाइलाजाने कुलूप काढलं. वडील खुर्चीत बसले. प्रणित पाठमोरा होऊन भिंतीवर हात फिरवत स्वतःशीच पुटपुटला, "ओल परत आली की काय?"

"नाय, कोरडी हाय," मागून उत्तर आलं.

प्रणित वळला. "बाबा, तुम्हाला ऐकू आलं?"

"येतंय की. हितं तू बोलतंस ते कलतंय. घरान नुसता कालवा होतो. तुमी सगली वरडता, पन शबूद कलत नाय."

यामागचं कारण प्रणितला ठाऊक होतं, पण या बाजूने त्याने कधी विचार केला नव्हता. घरातल्या फरश्या आणि उघड्या भिंती प्रत्येक शब्द उलट फेकत होत्या आणि शब्दांत शब्द मिसळत होते. इथे शब्द एकदाच येत होता, थेट तोंडातून.

तो स्टूल ओढून वडिलांसमोर बसला. किती वर्षांनी ते दोघं आवाज न चढवता बोलत होते. त्याने कानाची सगळी हकिकत सांगितली, शिट्टीचीसुद्धा.

काशिराम खुर्चीत पुढे झुकले. "शिट्टी मना पन हाय," ते म्हणाले. "पयलं पाखरांचा आवाज गेला. मंग बायकापोरांचा. मी कुनाला बोललो नाय. लोकांना वाटलं म्हातारा गुर्मीन हाय, हाक मारली तरी ओ देत नाय. तू असा नको करू. सांगून टाक."

संध्याकाळी प्रणितने आर्यनला फोन लावून खरं ते सांगितलं. आर्यन म्हणाला, "बरं झालं सांगितलंस, दादा." पुढची गाणी मात्र त्याने दुसरीकडे नेली. प्रणितने त्याला दोष दिला नाही, पण त्याच्या चॅनेलवर नवं गाणं आलं की तो ते ऐकायचं टाळतो.

काम कमी झालं, बंद पडलं नाही. बास आणि ठेका अजून त्याच्याइतका नेटका कुणी बसवत नाही. वरच्या बारीक आवाजांसाठी तो संगणकावरच्या आलेखावर भरवसा ठेवतो आणि शेवटचं ऐकण्याचं काम पूर्वी करते. शाळा सुटली की ती येते, खुर्चीत बसते आणि टोचलं की हात वर करते. सुरुवातीला तिला हे ओझं वाटायचं. "माझं चुकलं तर?" असं ती विचारायची. आता विचारत नाही.

काशिराम डोळे दाखवायला येतात तेव्हा आधी तळघरात उतरतात. कानाच्या तपासणीला प्रणितने त्यांना बरोबर यायला सांगितलं आहे. "आता काय करायचं हाय तपासून," असं ते दोनदा म्हणाले. तिसऱ्यांदा काही बोलले नाहीत, तेव्हा प्रणितने दोघांचीही नावं लावून ठेवली.