पाच फाउलांची पोर

इंदूरच्या एका कॉलेजच्या बास्केटबॉल संघात तीन वर्षं खेळून क्षितिजा जगदाळेच्या नावावर जेमतेम तीसेक गुण होते, तरी संघातली तिची जागा कुणी हलवू शकत नव्हतं. कारण बास्केट करायला तिला घेतलेलंच नव्हतं. समोरच्या संघात जी मुलगी सगळ्यांत जास्त गुण करते, तिला ते करू द्यायचे नाहीत, एवढंच तिचं काम. आणि ते ती हातांनी करायची.

बॉलचे टप्पे देत येणाऱ्या मुलीच्या कमरेवर एक पंजा टेकवायचा. दुसऱ्या हाताचं कोपर तिच्या पोटाशी आडवं धरायचं. ढकलायचं नाही, नुसता भार द्यायचा. मुलगी डावीकडे निघणार की उजवीकडे, ते पंजाला डोळ्यांच्या आधी कळतं. रेफरीची पाठ वळली की जर्सीची कड चिमटीत धरायची. दहा मिनिटं असा चिकटपणा सोसला की समोरची पोरगी चिडते, आणि चिडली की चुकते.

हे सगळं तिला कमल मॅडमनी शिकवलं होतं. मॅडम कॉलेजच्या स्पोर्ट्स ऑफिसर. पन्नाशीच्या, एके काळच्या राज्य पातळीवरच्या खेळाडू, जुन्या इंदूरच्या मराठी घरातल्या. पहिल्या वर्षी क्षितिजा सरावाला आली, तेव्हा तिचे चार शॉट पाहून मॅडम सगळ्यांसमोर म्हणाल्या होत्या, "शूटिंग तू सोडूनच दे. तुझ्या हाताला ते नाही. पण हात लांब आहेत तुझे, त्यांचं काम मी शिकवते." त्यानंतर बाकीच्या मुली शूटिंगचा सराव करायच्या, तेव्हा क्षितिजाला भिंतीकडेने पळायला लावलं जाई. तिला ते लागायचं. पण संघात जागा मिळत होती, म्हणून ती गप्प राहिली. मनात मात्र मॅडमविषयी एक अढी बसली ती बसलीच.

बी.कॉम. झाल्यावर तिने त्याच कॉलेजात एम.कॉम.ला नाव घातलं. त्या सीझनच्या सुरुवातीला रेफरींनी सगळ्या कॉलेजांच्या प्रशिक्षकांना बोलावून सांगितलं की यंदा फाउलचे नियम कडक लावणार. बॉल घेऊन येणाऱ्या खेळाडूवर हात ठेवलेला दिसला की थेट शिटी. आधी समज नाही, ताकीद नाही.

मॅडम परत येऊन हसल्या. "दर साल बोलतात. दोन मॅच कडक, मग सब ढीले. आपण आपलं खेळायचं."

पहिलाच सामना श्रेयाच्या कॉलेजशी होता. श्रेया भंवरकुआं भागातल्या एका हॉस्टेलात राहायची आणि शहरातल्या कॉलेजांत तिच्याइतके गुण कुणीच करत नसे. तिचं आणि क्षितिजाचं तीन वर्षांचं वैर होतं. श्रेयाच्या दंडावर क्षितिजाच्या नखांची खूण होती, आणि श्रेयाच्या कोपराने क्षितिजाच्या पुढच्या दाताचा टवका उडाला होता. कोर्टाबाहेर दोघी एकमेकींकडे बघतसुद्धा नसत.

श्रेयाला नवा नियम मॅडमपेक्षा चांगला कळला होता. क्षितिजाचा पंजा कमरेवर टेकायच्या आधीच ती अंग त्याच्यात घालायची आणि "आह!" करून ओरडायची. शिटी. पुन्हा तेच. पुन्हा शिटी. तिसऱ्या फाउलनंतर क्षितिजा बेंचजवळ आली. "मॅडम, मला बदला. प्रत्येक वेळी फाउल देऊन राहिले ते."

"खेळ तशीच," मॅडम म्हणाल्या. "थकतील शिट्या वाजवून."

रेफरी थकले नाहीत. मध्यंतराच्या आतच क्षितिजाचे पाच फाउल झाले आणि नियमाप्रमाणे ती सामन्याबाहेर गेली. संघ हरला. सामना संपल्यावर सगळ्या मुली गोल उभ्या असताना मॅडम तिच्याकडे वळल्या. "अक्कल नाही का तुझ्या हातांना? नियम बदलले हे माहीत नव्हतं?"

क्षितिजाला वाटलं, आपण नीट ऐकलं नाही. "हे हात तुम्हीच शिकवलेत, मॅडम."

"तर आता विसर."

"विसरून काय करू? दुसरं काही शिकवलंच नाही तुम्ही."

"ते मी बघायचं?" मॅडमनी शिटीची दोरी गळ्यातून काढली. "उद्यापासून बेंचवर बस. तुझं काम संपलं."

क्षितिजाच्या वडिलांचं, जयसिंगरावांचं, राजवाड्यामागे शाळेच्या गणवेशांचं दुकान होतं. पणजोबा होळकरांच्या फौजेत होते याचा त्यांना अजून अभिमान होता आणि वरिष्ठांसमोर आवाज चढवणं त्यांना मुळीच खपत नसे. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. "मॅडमची माफी माग," ते म्हणाले. क्षितिजाने मागितली नाही.

संघातली बॉल सांभाळणारी मुलगी ऋजुता तिची एकुलती मैत्रीण. क्षितिजाने तिला लालबागजवळच्या एका शाळेच्या सिमेंटच्या कोर्टावर सकाळी यायला राजी केलं. क्षितिजा एक जुना टॉवेल पाठीमागे घेऊन त्याची दोन्ही टोकं मुठीत धरायची आणि ऋजुताला म्हणायची, "चल, मला ओलांडून जा."

पहिले कित्येक दिवस ऋजुता अशी निघून जायची, जणू समोर कुणी उभंच नाही. क्षितिजा वळायला उशीर करायची, पायात पाय अडकून पडायची, गुडघे सोलून घ्यायची. हात काढून घेतल्यावर तिला कळलं की तिच्या पायांना काहीच येत नाही. तीन वर्षं पंजाने जे सांगितलं, ते आता डोळ्यांना शिकावं लागणार होतं. बॉलकडे नाही बघायचं, चेहऱ्याकडे तर नाहीच. बेंबीकडे बघायचं, कारण माणूस डोळ्यांनी फसवतो, खांद्यांनी फसवतो, पण पोट न्यायचं तिथेच नेतो. गुडघ्यात वाकायचं, पावलं आपटायची नाहीत, सरकवायची. आणि पोरगी जिथे निघालीय तिथे तिच्या आधी पोचून छाती समोर ठेवून उभं राहायचं. मग ती येऊन धडकली तर फाउल तिचा.

हे सगळं तिने खेळाच्या प्रेमाने केलं असं म्हणता येणार नाही. मांड्या पेटल्या की ती "तुझं काम संपलं" हे वाक्य मनात म्हणायची आणि पुन्हा वाकायची.

दोनेक महिन्यांनी एका सकाळी ऋजुता बॉल काखेत धरून थांबली. "नहीं हो रहा यार अब मेरेसे. तू जाऊच देत नाहीस. मॅडमना सांगू का मी?"

"खबरदार. त्यांना काही म्हणजे काही द्यायचं नाही मला."

"मॅडमना नको देऊ. टीमला दे ना!" ऋजुता म्हणाली. क्षितिजाने टॉवेल पुन्हा पाठीमागे घेतला आणि गुडघ्यात वाकली.

तिकडे सीझन श्रेयासारख्यांचाच झाला होता. शिटीच्या भीतीने सगळ्या कॉलेजांच्या मुली हात मागे घेऊन वाट देऊ लागल्या होत्या, आणि जिथे पूर्वी पन्नास गुणांत सामना संपायचा, तिथे ऐंशी होऊ लागले. कमल मॅडमच्या संघाने रडतखडत अंतिम सामना गाठला. समोर पुन्हा श्रेयाचंच कॉलेज.

शेवटच्या सत्रात संघ अकरा गुणांनी मागे होता आणि श्रेया वाटेल तशी आत शिरत होती. मॅडमनी टाइमआउट घेतला. बेंचच्या टोकाला बसलेल्या क्षितिजाला त्यांनी दंडाला धरून उठवलं.

"पाच फाउल आहेत तुझ्याकडे," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "मला पाचही पाहिजेत. जोरात लागले पाहिजेत. तिची लय तोड, तिला आत यायची भीती वाटू दे. मग येऊन बस."

क्षितिजाने त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. यात वाईट काही आहे हे त्यांच्या गावीही नव्हतं. मोरीत घासणी टाकावी तसं त्या तिला कोर्टात टाकत होत्या. तिने बूट आवळले आणि आत गेली.

श्रेया तिला बघून हसली. बॉल घेऊन आली आणि जिथे तो पंजा असणार होता तिथे सवयीने अंग झोकून "आह!" करून ओरडली. पंजा नव्हताच. क्षितिजाचे दोन्ही हात वर, कानांजवळ होते. श्रेयाचा तोल गेला, बॉल पायाला लागून बाहेर गेला. शिटी वाजली नाही. प्रेक्षकांत हशा पिकला.

"हात लाव!" मॅडम ओरडल्या. "मार ना तिला, उभी काय राहिलीस!"

क्षितिजाने हात लावला नाही. श्रेया डावीकडे निघाली, तर ती तिथे आधीच होती. उजवीकडे निघाली, तिथेही होती. श्रेया चिडली. तिसऱ्या खेपेला खांदा पुढे घालून तिने क्षितिजाच्या छातीवर धडक दिली आणि क्षितिजा पाठीवर पडली. या वेळी शिटी वाजली, फाउल श्रेयाचा. ऋजुताने धावत येऊन क्षितिजाला उठवलं. "असंच! असंच चालू दे!" दुसऱ्या टोकाला ऋजुता बास्केट करत सुटली. अकराचे सात झाले, सातचे चार, चारचा एक.

वीस सेकंद उरले होते. संघ एका गुणाने मागे, आणि बॉल श्रेयाच्या हातात. अशा वेळी काय करायचं हे शाळेतल्या पोरीलाही माहीत असतं. मुद्दाम फाउल करायचा. त्याने घड्याळ थांबतं, समोरच्यांना दोन फ्री थ्रो मिळतात, पण नंतर बॉल आपल्याकडे येतो. नाहीतर त्या नुसता बॉल धरून वेळ काढतात आणि जिंकतात.

"फाउल!" मॅडम रेषेपर्यंत धावत आल्या. "पकड तिला! क्षितिजा, पकड!" सगळा बेंच उभा राहून तेच ओरडत होता.

क्षितिजाला प्रत्येक शब्द ऐकू आला. तिचा हात श्रेयापासून दोन वितींवर होता. तिने तो वरच ठेवला. श्रेयाला तिने पायांनीच रेटत नेलं, कडेने, पुढे कोपऱ्यात. तिथे श्रेयाने घाबरून बॉल दोन्ही हातांत उचलून धरला, म्हणजे आता तिला टप्पा देता येईना. पास द्यायला कुणी मोकळं नव्हतं. रेफरी हात हलवून सेकंद मोजू लागला. पाच मोजून होईपर्यंत बॉल हातातून सुटला नाही, तर तो क्षितिजाच्या संघाला मिळणार होता. एक. दोन. तीन. चार.

आणि बझर वाजला. सामना संपला, एका गुणाने हरून.

मॅडम तिच्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. "का नाही केलास?"

"पाच सेकंद होत आले होते. बॉल आपलाच होता."

"झूठ. मी ओरडत होते ते ऐकू आलं की नाही?"

"आलं."

"मग?"

"मग काही नाही."

मॅडमचा हात उठला आणि तसाच खाली आला. त्यांचा चेहरा पार उतरला होता. "जर्सी दे. आत्ताच्या आत्ता." आत टी-शर्ट होता. क्षितिजाने जर्सी डोक्यावरून काढली आणि त्यांच्या हातात न देता जमिनीवर टाकली.

तिला वाटलं होतं ऋजुता तरी मागे येईल. ऋजुता भिंतीला टेकून रडत होती. क्षितिजा जवळ गेली तशी तिने मान फिरवली. "सकाळी थंडीत मी यासाठी उठत होते? तुझं नि मॅडमचं जे काय असेल ते, पण कप मला पाहिजे होता. माझं शेवटचं वर्ष होतं. तू मलाही वापरलंस."

"ऋजू, खरंच एक सेकंद—"

"जा यार तू."

घरी जयसिंगरावांनीही एवढंच विचारलं, "मॅडमचं ऐकू आलं होतं?" ती हो म्हणाल्यावर ते म्हणाले, "मग तू खेळत नव्हतीस, हिशेब चुकता करत होतीस." दुसऱ्या दिवशी दुकानात शर्टांच्या घड्या घालताना तिने स्वतःला खरं काय ते विचारून पाहिलं. आवाज दुसऱ्या कुणाचा असता, तर पकडलं असतं? पकडलं असतं. तिला त्याचं वाईट वाटलं, पण ऋजुतापुरतंच. मॅडमचा तो उतरलेला चेहरा आठवला की आजही तिला बरं वाटत होतं.

विद्यापीठाच्या संघात श्रेया निवडली गेली, ऋजुताही निवडली गेली. क्षितिजाचं नाव कॉलेजने पाठवलंच नव्हतं.

उन्हाळ्यात एका दुपारी श्रेया दुकानात आली. गणवेश बघायचं नाटकही तिने केलं नाही. "तू मला आवडत नाहीस," ती म्हणाली.

"मला तर तू अजिबात नाही."

"चालेल. मी क्लबकडून खेळते, संध्याकाळी प्रॅक्टिस असते. समोर उभं राहील असं कुणी नाही गं. सगळ्या बाजूला सरकतात. असं खेळून मी खराब होऊन राहिले. येतेस का?"

"मी शूटिंगपण करणार."

"कर ना. तुझा शॉट पडणार नाही ते वेगळं."

क्षितिजा गेली. तिचा शॉट अजूनही फारसा पडत नाही, पण सराव झाल्यावर ती थांबून टाकत राहते आणि तिला कुणी भिंतीकडेने पळायला लावत नाही. श्रेया कोपर मारते, ती शिव्या देते, मग दोघी पुन्हा उभ्या राहतात. मैत्री वगैरे काही झाली नाही.

गेल्या हिवाळ्यात क्लबचा सामना तिच्या जुन्या कॉलेजशी पडला. कमल मॅडम पलीकडच्या बेंचवर होत्या. त्यांच्या सगळ्यांत चपळ मुलीला क्षितिजाने त्या दिवशी चारच गुण करू दिले, फाउल एकही न करता. सामन्यानंतर दोन्ही संघ हात मिळवायला रांगेत आले. मॅडम तिच्यापर्यंत आल्या, थांबल्या, आणि हात न देता पुढच्या मुलीकडे सरकल्या. क्षितिजाने तरी कुठे पुढे केला होता? ऋजुता आता त्यांच्या शेजारी होती, सहायक प्रशिक्षक म्हणून. तिने मात्र हात दिला, घाईघाईने, बघितलं दुसरीकडेच. क्षितिजाने तो क्षणभर जास्त धरून ठेवला. ऋजुताने सोडवून घेतला आणि मॅडमच्या मागे निघून गेली.