सूरच्या पुढे, खिडक्या डोंगराकडे

"खाला, तू ये. तू असलीस की कामं होतात," असं शरीफ फोनवर म्हणाला आणि मी निघाले. शरीफ माझ्या मयत बहिणीचा मुलगा, माझ्याच हातचं खाऊन वाढलेला. बारा वर्षं इथे आखातात, सोहारला पोलादाच्या भट्टीपुढे भाजून घेतलं त्यानं. आता त्याच्या अर्बाबनं, म्हणजे अरबी मालकानं, सूरच्या पुढे समुद्रालगतची जागा देऊ केलीय. चार खोल्या बांधायच्या, पाहुणे ठेवायचे. परवाना मिळाला तर. नाही मिळाला तर परत भट्टी.

मला अक्षर येत नाही. मी बोलते, सून नसरीन टाइप करते. तिच्याबद्दल कुठे काही चांगलं वाचलंत, तर ते तिनं घातलंय असं समजा.

गाडीही नसरीनच चालवते. आम्ही राहतो त्या सीबहून सकाळी सातला निघालो आणि माझ्या सगळ्या दुआ कुरियातपर्यंतच संपल्या. तुम्हीही पेट्रोल तिथेच भरा, पुढे पंप लांब लांब आहेत. करक म्हणजे कडक दुधाचा चहा घ्या, शंभर बैशांना (बैसा म्हणजे इथला पैसा), पण साखर कमी सांगा, नाहीतर ओठ चिकटतात. पुढे डावीकडे समुद्र, उजवीकडे बोडके डोंगर. वाटेत जमीन खचून झालेला एक मोठा खड्डा आहे, तळाशी हिरवंनिळं पाणी. तिकीट नाही, पायऱ्या आहेत. गुडघे असतील तर उतरा. मी वर बसून उतरलेल्यांची तोंडं पाहिली, तीही मजाच.

सूरला सुरमई-भात खाल्ला, दोघींचे मिळून चार रियाल. मासा ताजा होता, पण आमसुलाचं नाव नाही.

दुपारी शरीफच्या जागेवर पोचलो. मागे रस्ता, पुढे वाळू, मधे पत्र्याची खोली आणि खोल्यांसाठी आखलेल्या फक्कीच्या रेघा. इथे कासवं अंडी घालायला येतात, म्हणून वीट ठेवायलाही परवानगी लागते. त्यात जागा दोन विलायतींच्या, म्हणजे इथल्या तालुक्यांच्या, सीमेवर.

"आधी कसं होतं, खाला," शरीफ सांगू लागला, "ही कचेरी नको म्हणाली तर त्या कचेरीत जायचं. आता दोघींनी अर्ज एक केलाय, नकाशा एक, पाहणीही एकत्र. उद्या सकाळी दोन्हीकडचे साहेब येतायत. हो म्हणाले तर खलास, काम झालं."

"आणि नाही म्हणाले तर?"

"तरी खलास."

दुसऱ्या दिवशी पहाटे फज्रची नमाज झाली. पाहुणे यायचे म्हटल्यावर माझा हात आपसूक झाडूकडे गेला. आमच्या बाणकोटच्या बाजूला अंगण झाडल्याशिवाय कुणाला या म्हणत नाहीत. अर्धी वाळू छान सपाट केली आणि मग झाडू थांबला. पुढे न झाडलेल्या वाळूत माग होता, ट्रॅक्टर गेल्यासारखा रुंद, समुद्राकडून वर आलेला. ज्या फक्कीच्या रेघेत शरीफची पहिली खोली, तिथे ओली वाळू उसकटलेली.

कासवीण अंडी घालून गेली, हे मला कुणी शिकवायला नको. लहानपणी बाबाबरोबर काठीनं वाळू टोचून अंडी काढायला मीच जायचे. टोपली भरली की बाजारात. तेव्हा त्यात काही वाटलं नाही.

शरीफ मागे येऊन उभा राहिला. त्यानंही पाहिलं.

"खाला, अर्धं झाडलंस. उरलेलं पण झाड ना."

मी झाडू त्याच्या हातात दिला. "तू झाड." त्यानं धरला. झाडलं मात्र नाही.

तेवढ्यात गाडी आली. एका विलायतीची बाई, दुसरीचा दाढीवाला साहेब, दोघांत मिळून एकच टॅबलेट. बाईनं सपाट वाळू पाहिली. "अम्मा, ये किसने साफ किया?"

शरीफ माझ्याकडे बघेना.

"मैंने," मी म्हटलं. "मेहमान आनेवाले थे. इधर कछुआ आया है. अंडा उधर है, पहले कमरे के नीचे."

दोघं वाळूत गुडघ्यांवर बसले. दाढीवाला हसून बाईला अरबीत काही म्हणाला. शरीफनं सांगितलं, "म्हणतोय, कासविणीपेक्षा म्हातारी जास्त खरं बोलते." चार खुंट्या ठोकल्या, दोरी बांधली, फोटो काढले. परवान्याचं विचारलं तर दोघंही एका सुरात म्हणाले, "इन्शाल्ला."

निरोप घेताना शरीफनं चहा दिला. साखरेविना. मी गुपचूप प्यायले.

सीबला परत येऊन तीन आठवडे झाले. त्याचा फोन नाही. त्याच्या आईला मी काय तोंड दाखवू, असं रोज वाटायचं. कासविणीचं भलं केलं, पोराला भट्टीत घातलं. आणि तरी ती टोपली आठवली की वाटायचं, अंडी एकदा विकली, आता पोरासाठी परत कशी विकू?

परवा फोन आला.

"मिळाला," शरीफ म्हणाला.

"अल्हमदुलिल्लाह! मग आवाज असा का?"

"खोल्या पार रस्त्याला टेकवायच्या. समुद्राच्या बाजूला दिवा नाय, खिडकी नाय. कासवं बिचकतात म्हणे. खाला, समुद्रावरची खोली आणि चारी खिडक्या डोंगराकडे! लोक काय बघायला येतील?"

"डोंगर बघतील. तो काय फुकटचा आहे?"

मग तो हसला. तीन आठवड्यांचं हसला.

तेव्हा जाणार असाल तर जरूर जा, खोल्या हिवाळ्यापर्यंत होतील. समुद्र बघायचा तर दार उघडून चार पावलं चालावं लागेल. खिडकी कुठाय म्हणून भांडू नका, शरीफ खालाला विचारा म्हणेल. आणि सकाळी वाळू झाडू नका. तो खोल्यांत झाडू ठेवणारच नाहीय.