रोबोची पोळ्याची सुटी

आबांच्या हातात काहीही द्या, ते आधी त्याचं वजन करायचे. फाइल असो, कलिंगड असो, नाहीतर कुणाचं तीन महिन्यांचं बाळ. दोन्ही तळव्यांवर घेऊन, डोळे मिटून, दोनदा वरखाली करायचे आणि "बराबर शे" म्हणून परत द्यायचे. माझं नेमणूकपत्रही त्यांनी असंच तोललं होतं. आत काय लिहिलंय ते वाचायची तसदी काही घेतली नाही.

आम्ही दोघं एका सरकारी टाकसाळीत होतो, गावापासून लांब. आबा धानोऱ्याचे, मी म्हसावदची, म्हणजे दोघंही नंदुरबारकडचेच. नवी नाणी पिशव्यांत भरून तोंडं शिवली की त्या मणामणाच्या पिशव्या उचलून थप्पी लावायची, हे आबांचं तीसेक वर्षांचं काम. त्याआधी नंदुरबारच्या बाजारात मिरचीच्या गोण्या उचलायचे. मी आले ती त्यांच्या हातचं काम काढून घ्यायलाच म्हणा ना. पिशव्या उचलणारा रोबो बसवला होता आणि तो चालवायला माझी नेमणूक झाली होती. मला वाटलं, हा माणूस माझं तोंड पाहणार नाही. आबा एवढंच म्हणाले, "गावकडनी पोर शे, ते बरं शे." आणि डबा उघडून ज्वारी-उडदाची कळण्याची भाकरी पुढे केली.

रोबो म्हणजे जमिनीला बोल्टने जखडलेला एक लांबलचक लाल हात. पहिल्या आठवड्यात त्याने आमची पार शोभा केली. पिशवी उचलली की आतली नाणी एका बाजूला घसरायची, पिशवी कलंडायची आणि धाडकन खाली. कंपनीचे दोन इंजिनिअर लॅपटॉप मांडीवर घेऊन घाम पुसत बसले होते. आबा तंबाखू मळत तासभर बघत राहिले. मग उठले आणि पिशवीच्या कमरेत दोन्ही बाजूंनी एकेक धपका घातला. "गोणीले पहिले बसू दे, मंग उचल." नाणी आत बसली आणि पिशवी अलगद गेली. पुढे पिशव्या सरकत येतात त्या पट्ट्यावर पिशवीला दोन हादरे देणारी एक पट्टी बसवली, आणि तिचं श्रेय इंजिनिअरांनी अहवालात स्वतःला दिलं. आबांना त्याचं काहीच वाटलं नाही. माझा मात्र तिळपापड झाला होता.

तेव्हापासून आबा त्याला लाल्या म्हणायला लागले. निवृत्तीला दोन महिने राहिले होते, म्हणून त्यांना पट्ट्याशेजारी नुसतं देखरेखीला बसवलं होतं. बसणं त्यांना जमायचं नाही. येता-जाता लाल्याच्या सांध्यावर थाप मारायचे आणि त्याच्याबद्दल माझ्याकडे तक्रार करायचे. "हाऊ दिनभर राबस. याले कोनी पानी बी नही विचारस." मी म्हणायचे, आबा, त्याला पाणी दाखवलं तर माझी नोकरी जाईल.

आणि एके सकाळी मी कामावर पोहोचले तर लाल्या बंद. धोक्याचं तांबडं बटण दाबलेलं. मनगटाच्या सांध्याला, बैलाच्या खांद्याला चोळतात तसं, हळद घातलेलं लोणी चोपडलेलं, पायथ्याशी केळीच्या पानावर पुरणपोळी. आणि आबा शर्ट काढून, बनियनवर, स्वतः पिशव्या वाहत होते. त्या दिवशी पोळा होता.

"आज पोया शे माय," ते धापा टाकत म्हणाले. "आज बैलना खांदावर जू नही ठेवतस."

ज्याचं काम यंत्राने घेतलं त्यानेच यंत्र बंद पाडलं, असंच कोणीही म्हणणार होतं. निवृत्तीच्या तोंडावर चौकशी लागली असती आणि एवढ्या वर्षांच्या नोकरीवर डाग पडला असता. त्यात लोणी सांध्याच्या आत उतरलं होतं. ते साफ करता करता संध्याकाळ झाली, म्हणजे लाल्याला पूर्ण दिवसाची सुटी मिळालीच. तोवर सगळ्या पिशव्या आबांनी वाहिल्या. मी हळूच म्हटलं, "मी अहवालात देखभालीसाठी बंद ठेवला असं लिहिते." आबा पहिल्यांदाच माझ्यावर रागावले. "खोटं नको लिखू. पोया लिख."

मी तेच लिहिलं. दुसऱ्या दिवशी साहेबांनी आम्हाला बोलावलं. चष्मा काढून त्यांनी कागद दोनदा वाचला आणि विचारलं, "रोबोला सुटी कोणी दिली?"

"मी दिनी साहेब. मन्ही एक रजा बाकी शे, ती त्याना नाववर लिखा."

"आबा, तुमच्या घरचे बैल आहेत ना पोळ्याला?"

आबा म्हणाले, "भाऊनी औंदा इकी टाकात. टॅक्टर लिनं. आते मन्हाकडे हाऊच एक शे."

बैल विकल्याचं मलाही तेव्हाच कळलं. रोबोच्या नावावर रजा चढवायची सोय साहेबांच्या कॉम्प्युटरमध्ये नव्हती. शेवटी त्यांनी आबांच्याच नावावर एक दिवसाची रजा लावली आणि प्रकरण मिटवलं. दिवसभर पिशव्या वाहणारा माणूस कागदोपत्री रजेवर गेला. बाहेर आल्यावर आबांनी मला विचारलं, "मंजूर व्हयनी ना?" मी हो म्हटलं. इतका खूश झालेला माणूस मी त्या इमारतीत दुसरा पाहिला नाही.

आबा डाग न लागता निवृत्त झाले आणि धानोऱ्याला गेले. दर पोळ्याच्या आदल्या दिवशी त्यांचा फोन यायचा, लाल्याला सुटी आहे ना म्हणून. असायचीच. त्याची वार्षिक सर्व्हिसिंग मी पोळ्याला ठेवून दिली होती. ही तारीख दरवर्षी पुढेमागे का होते, असं नव्या साहेबांनी एकदा विचारलं तेव्हा मी कंपनीवर ढकललं.

यंदा फोन आला नाही. उन्हाळ्यात आबा गेले. फार वाईट वाटलं, अजून वाटतं. पोळ्याला लाल्या बंद होता आणि पट्ट्याच्या टोकाला एक पिशवी उरली होती. मी तिच्या कमरेत दोन्ही बाजूंनी धपका घातला, खाली वाकले आणि तिला हात घातला. ती मला जागची हलवताही आली नाही.