गाडीच्या आधी पाण्यात

आमच्या दवाखान्याच्या जीपचे ड्रायव्हर म्हणजे थांबामामा. खरं नाव हजेरीपटावर असेल कुठेतरी. चोवीस वर्षांत त्यांनी कुठल्याही पाण्यात गाडी एकदम घातली नाही. "जरा थांबा," म्हणत उतरायचे, काठी टेकत पलीकडे जाऊन परत यायचे, मगच फोर व्हीलचा गिअर टाकून गाडी पाण्यात घालायचे. पाणी त्यांच्या गुडघ्यावर चढलं की गाडी माघारी; मग आत कितीही मोठा साहेब बसलेला असो. मी नर्स म्हणून त्यांच्या शेजारी नऊ पावसाळे बसले आणि नऊही पावसाळे चडफडत काढले.

त्या दुपारी मागे एक पहिलटकरीण होती. बाळ पोटात आडवं, दवाखाना अजून पंधरा किलोमीटर, आणि मातीच्या रस्त्यावर ओढा फुगून पसरलेला. सुनेचं डोकं मांडीवर घेऊन सासू रस्त्याला आणि मला आलटून पालटून बोल लावत होती.

मामा उतरले, दोन पावलं चालले आणि बंपर धरून उभे राहिले. गुडघा उचलेना.

"कधीपासून हे?" मी विचारलं.

"पावसाळा लागल्यापासून. हातात काठी असतेच, म्हणून कुणाच्या ध्यानात आलं नाही."

असा संताप आला म्हणून सांगू! पण भांडायला वेळ कुठे होता? त्यांच्या हातातली काठी ओढून घेतली आणि मीच पाण्यात शिरले.

मध्यावर पाणी मांडीला लागलं. "नाही जमणार! मागे फिरवा!" मी ओरडले.

मामा एव्हाना स्टिअरिंगवर बसले होते. खिडकीतून डोकं काढून म्हणाले, "सिस्टर, तुमची मांडी म्हणजे माझा गुडघा. स्वतःची उंची बघा की जरा! खाली कडक लागतंय का?"

"लागतंय."

"पाय ओढला जातोय?"

"नाही."

"मग चला पुढे. मी मागून येतो."

डावीकडे एकदा काठी अर्धी आत गेली. रस्त्याची कड खचली होती. मी उजवीकडे सरकले, जीपही सरकली. पार होईपर्यंत इंजिनाचा आवाज एकदाही कमी-जास्त झाला नाही.

ऑपरेशन झालं, मुलगी झाली, दोघी सुखरूप. मग डॉक्टरांनी मला विचारलं, "तुम्ही इतक्या भिजलात कशा?"

थाप मी तयारच ठेवली होती. मामांनी बोलू दिलं तर ना!

"मी यांना पाण्यात उतरवलं, साहेब. माझा पाय गेलाय. दुसरा माणूस बघा." त्यांनी चावी टेबलावर ठेवली.

बाहेर येताच मी त्यांच्यावर तुटून पडले. "कुणी विचारलं होतं तुम्हाला? दोनच वर्षं राहिली होती नोकरीची. मी चालले असते की दर वेळी!"

"तेच तर," मामा म्हणाले. "तुम्ही चालला असतात. एखाद्या दिवशी ती कड तुमच्या पायाखाली आली असती, आणि मी गाडीत कोरडा बसून बघत राहिलो असतो."