राहू-केतू असलेली सूर्यमाला

लेकीच्या विज्ञान प्रदर्शनासाठी मी सूर्यमाला केली आणि तीत पृथ्वीच ठेवायची विसरलो. घरच्या पूजेत नवग्रहांच्या सुपाऱ्या पाटावर मीच मांडतो, तीच मांडणी हातात बसलेली. मधात सूर्य, भोवती चंद्र, मंगळ आणि बाकीचे, राहू-केतूसुद्धा. विणून उरलेल्या कोशाच्या, म्हणजे टसर रेशमाच्या, धाग्याचे गोळे केले, नऊ भरले, मी खूश. लेकही म्हणाली, "मस्त झालं, बाबा."

प्रदर्शनात पाहतो तर तिच्या टेबलावर दोन सूर्यमाला. एक माझ्या धाकट्या भावानं गुपचूप करून दिलेली, मधात बल्ब लावलेली. दुसरी माझी, आणि तिच्यावर कागद चिकटवलेला : 'जुन्या लोकांची कल्पना'. लेक पाहुण्यांना समजावून सांगत होती, "आधी लोक पृथ्वीले ग्रह मानतच नव्हते. आमचे बाबा तर अजूनही नाही मानत."

सगळे हसले. भाऊ सगळ्यात मोठ्यानं. मीही हसलो, पण घरी येऊन जेवलो नाही.

"पोटच्या पोरीनं दगा दिला," मी बायकोला म्हणालो. "चुकलं होतं तर मले सांगायचं ना!"

"अवो, तिनं मले विचारलं होतं," बायको ताट वाढत म्हणाली. "मीच म्हटलं, बाबाले सांगू नको. ते काकाची सूर्यमालाही सुधरवायले बसतील."