आबांना झोप लागेल असे टायर

टायर घ्यायचे तर माणूस दुकानात जातो, पैसे देतो आणि घरी येतो. मला त्यासाठी तीन दिवस लागले, आणि घर ओलांडून पार पहूरपर्यंत जाऊन यावं लागलं. परवा एका वाचकाने विचारलं, की हायवेला जोरात आणि वर्षातून एखाद-दोनदा ट्रॅकवर, असे दोन्हीकडे चालतील ते टायर कोणते घ्यावेत? या प्रश्नाचं उत्तर दोन ओळींत देता येतं. पण मला तो नव्वदच्या दशकातला जळगाव-धुळे-साक्री रस्ता आठवला आणि दोन ओळी राहून गेल्या.

मी तेव्हा जळगावात कॉलेजात भूगोल शिकवायचे. आठवडाभर वर्ग, पेपर, स्वयंपाक, आणि शनिवार उजाडला की आमची जुनी मारुती घेऊन साक्री. तिथे माझे वडील, आबा, एकटे राहायचे. आई गेल्यानंतर वर्षभरातच त्यांना काचबिंदू निघाला. बाजूचं दिसेना. आयुष्यभर आग्रा रोडवर ट्रक चालवलेला माणूस, आता शेजारणीला म्हणायचा, डोळ्यांत थेंब टाकून दे. डोळ्यांचे चांगले डॉक्टर जळगावात, मुलगी जळगावात, जावई विलासही बोलावून दमलेला. पण आबा येईनात.

त्यांचं कारण ऐकून कोणीही हसेल. दुसरा कोणी गाडी चालवत असताना आबांना कधी झोप लागली नव्हती. ट्रकवर जोडीला दुसरा ड्रायव्हर असला तरी हे टक्क जागे. एसटीत बसले तर ड्रायव्हरच्या मागची जागा पकडून सगळा रस्ता स्वतःच चालवायचे, पाय ब्रेकवर दाबायचे. माझ्या गाडीतही तेच. जळगावला राहायला यायचं म्हणजे पुढे सगळीकडे माझ्या भरवशावर फिरायचं, आणि त्याचा त्यांना विश्वास नव्हता. एकदा मी फारच लावून धरलं तेव्हा म्हणाले, "ज्या दिन तुन्या गाडीमा माले झोप लागी, त्या दिन येसू जळगावले. तोवर नई." लहानपणापासून आमचं असंच, ते अहिराणीत बोलतात आणि मी कॉलेजच्या मराठीत उत्तर देते.

मी म्हटलं, ठीक. चुकलेल्या गाडीला मी सावरू शकते हे एकदा त्यांना शेजारी बसवून दाखवू. धुळ्याबाहेर एका होऊ घातलेल्या औद्योगिक वसाहतीचे डांबरी रस्ते तयार होते आणि कारखाने यायचे बाकी होते. तिथे काही हौशी मंडळी वर्षातून दोनदा वाळू भरलेले ड्रम वळणावळणावर ठेवून घड्याळ लावून गाड्या पळवायची. मी दोन वेळा भाग घेतला होता. तिसऱ्या वेळी आबांना सोबत न्यायचं, तिथून तसंच जळगावला आणून डॉक्टरांना दाखवून परत सोडायचं, असं ठरवलं; एवढ्याला ते तयार झाले. टायर मात्र गुळगुळीत व्हायला आले होते. तेही धुळ्यातच घेऊ, हा विचार.

शुक्रवारी दुपारी निघाले. दिवाळी होऊन गेलेली. रस्त्यावर कापसाच्या गाड्या, आणि त्यांच्यातून उडालेला कापूस बाभळींना लटकलेला. एरंडोलपर्यंत रस्ता बरा होता, पुढे पारोळ्यापर्यंत कडा खचलेल्या. समोरून ट्रक आला की डाव्या बाजूची दोन चाकं मातीत उतरवायची आणि परत वर घ्यायची. असं शंभर वेळा. या रस्त्याने जाणाऱ्यांनी टायर निवडताना वेगाआधी कडेच्या भिंतीची मजबुती बघावी, खाली उतरताना पहिला मार तिलाच बसतो. पारोळ्याला किल्ल्याजवळ चहा घेतला. चहा गोड होता आणि मी इतकी थकलेली होते की तो चांगला वाटला. धुळ्यानंतर ऊन थेट डोळ्यांत. कुसुंबा, नेर, आणि दिवस मावळताना साक्री.

आबा ओट्यावर थैली भरून बसलेले. शेजारच्या अक्कांनी जयभीम केला आणि सांगितलं, सकाळपासून असेच बसलेत. रात्री अक्कांनीच केलेली ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणि ठेचा खाल्ला. मला त्या घरात अंथरुणाला पाठ टेकताच झोप लागते. आबा म्हणाले, "तू कथी बी झोपस." कुठेही झोपतेस, यात कौतुक किती आणि टोमणा किती, मला आजही सांगता येणार नाही.

शनिवारी सकाळी धुळे. आबा वाटेत प्रत्येक गाव आलं की जाहीर करायचे. "नेर उनं." "कुसुंबा उनं." आता नीट दिसत नव्हतं तरी खड्ड्यांवरून आणि वळणांवरून त्यांना गाव कळायचं. मधूनच त्यांचा उजवा पाय खाली दाबला जायचा. मी ब्रेक लावायच्या आधी ते लावायचे.

धुळं ट्रकवाल्यांचं गाव. दोन मोठे रस्ते इथे एकमेकांना कापतात, त्यामुळे टायरच्या दुकानांना तोटा नाही. आम्ही गेलो त्या दुकानात शेठजी गादीवर बसलेले. त्यांनी माझ्यामागे बघितलं आणि विचारलं, "साहेब येताहेत का?"

"साहेब जळगावला आहेत. गाडी माझी आहे."

शेठजींनी मग आबांकडे बघितलं. आबा म्हणाले, "मनाकडे काय दखस भाऊ? गाडी आंडेर चालावस. तिले इचार."

आंडेर म्हणजे मुलगी. असा आधार मिळाला की मला लगेच रडायला येतं, म्हणून मी टायरकडे बघत राहिले. मारुतीच्या मापात तीन प्रकार निघाले. पहिला कडक रबराचा साधा टायर, टॅक्सीवाले नेतात तो. झिजत नाही, पण वळणावर किंचाळतो. दुसरा रेडियल, मध्यम रबराचा, नक्षीत पाणी बाहेर काढणाऱ्या रुंद खाचा. तिसरा रेडियलच, पण थोडा रुंद आणि रबर मऊ, नख दाबलं की खूण उमटेल इतकं. हे कोणीतरी मागवून न नेलेले, आणि दोनच होते. ट्रॅकवर असला टायर डांबराला धरून बसतो. रोजच्या रस्त्यावर, आपल्या मे महिन्यात, तो खोडरबरासारखा संपतो.

मला मधला हवा होता, चारही सारखे. चार घेतले की महिन्याचं गणित बिघडणार होतं, तरी मी मनाची तयारी करून आले होते. आबांनी मऊ टायरवरून हात फिरवला, पुन्हा फिरवला.

"हाई दोन ले. पुढे लावू. मांगला अजून बरा शेतस."

"आबा, चारही एकसारखे हवेत."

"नवं पुढे, जुनं मांगे. सारी उमर मी असंच कयं. पुढलं फुटनं का मानूस जास."

शेठजींनीही मान हलवली. दुकानात बसलेल्या दोन ड्रायव्हरांनीही हलवली. धुळ्यात कुठल्याही टायरच्या दुकानात जा, हेच सांगतील. ट्रकचा पुढचा टायर फुटणं म्हणजे काय, हे तिथल्या प्रत्येकाने कुठे ना कुठे पाहिलेलं असतं, म्हणून नवा जोड नेहमी पुढे आणि उरलेला मागे. मी भूगोलाची बाई, आणि समोर ते चौघे. शिवाय ते आबा होते. टायरच्या बाबतीत आबा बोलले की माझी मान आपोआप हलायची. दोन घेतले, पुढे बसवले. शेठजींनी चाकाखाली ठेवायला लिंबू काढलं तर आबा म्हणाले, "लिंबू ऱ्हाऊ दे भाऊ. सरबतले कामे येई." हवा भरून घेतली. हवा नेहमी सकाळी, टायर थंड असताना बघावी. दुपारी बघितलेला आकडा खोटा असतो.

संध्याकाळी ढाब्यावर शेवभाजी खाल्ली. तर्री इतकी जहाल की दोघांच्याही डोळ्यांतून पाणी. आबा म्हणाले, डॉक्टरना थेंब नको आते. लॉजमध्ये खोली अगदी साधी, पण चादरी धुतलेल्या. मी झोपले. आबांचं माहीत नाही.

रविवारी सकाळी वसाहतीत धूळ बसावी म्हणून टँकरने रस्त्यावर पाणी मारलेलं. काही ठिकाणी ओलं, काही ठिकाणी कोरडं. दहा-बारा गाड्या, आठ-दहा मोटरसायकली, एक भज्यांची गाडी. शेजारी एक माणूस बसवायची परवानगी होती. आबांनी पट्टा स्वतः बांधला, दोनदा ओढून पाहिला.

पहिली दोन वळणं झकास गेली. स्टीअरिंग फिरवलं की गाडीचं नाक तिथे वळत होतं, मऊ टायर काय असतो ते हातांना कळत होतं. मला बरं वाटलं, आणि तिसऱ्या वळणावर मी जरा जोरातच गेले. ओलं दिसलं म्हणून अॅक्सिलरेटरवरचा पाय काढला. पुढचा भाग डांबराला धरून राहिला आणि मागचा भाग निघून गेला. एका क्षणात आम्ही आलो त्या दिशेला तोंड करून उभे. एक ड्रम आडवा. लोक पळत येत होते.

"आबा, लागलं का?"

"नई."

ते पट्टा सोडून उतरले. मी विचार करत होते की झालं, आता हे जन्मात जळगावला राहायला यायचे नाहीत. आबा वाकून रस्त्यावरची खूण बघत होते, नव्हे, चाचपत होते. मग मागच्या टायरजवळ गेले, त्याच्या गुळगुळीत अंगावरून हात फिरवला. मग पुढच्या. बराच वेळ तसेच वाकलेले. मी जवळ गेले तेव्हा म्हणाले, "मी चुकनू पोरी."

मी त्यांच्या शेजारी उकिडवी बसले.

"ट्रकले मांगे माल ऱ्हास. वजन ऱ्हास, चार-चार चाकं ऱ्हातस. ह्या डबीना मांगे काय शे? मनी थैली." मग म्हणाले, "पुढलं धरस आनि मांगलं सोडस. तुना हातमा काहीच ऱ्हायनं नई."

आबांना मी त्याआधी कधी चुकलो म्हणताना ऐकलं नव्हतं. मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. त्या माळावर वाकलेला तो माणूस फार म्हातारा दिसला आणि मला वाटलं, त्यापेक्षा त्यांनी मला शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. मग त्यांनीच जॅक मागितला. कडेला घेऊन आम्ही नवे टायर मागे आणि जुने पुढे केले. नट मी आवळले, त्यांनी प्रत्येक नट पुन्हा तपासला. दुसऱ्या फेरीत वळणावर गाडीचं नाक जड झालं, बाहेर सरकायला लागलं, पण ते आधी कळत होतं. पाय उचलला की गाडी परत येत होती. वेळ अगदीच सुमार. बक्षीस दुसऱ्याच कोणाला मिळालं, मी थांबलेही नाही.

जेवून दुपारी निघालो. दोन जातींच्या टायरांचं एकमेकांशी जमत नव्हतं, म्हणून मी हळू चालवत होते. आबा गप्प होते. पारोळा आलं. आबांनी जाहीर केलं नाही. मला वाटलं, रागावलेत, स्वतःवरच. चहाला थांबायचं का विचारणार होते, तोच एक ट्रक अंगावर आला, मी डावीकडची चाकं मातीत उतरवली आणि सवयीने आबांच्या पायाकडे बघितलं. पाय हलला नव्हता. मान खिडकीला टेकलेली, तोंड किंचित उघडं. आबा झोपले होते.

मग पुढचे सगळे किलोमीटर मी कसे चालवले, मला विचारू नका. खड्डा दुरून दिसला तरी श्वास रोखायचे. ब्रेक असा दाबायचे की ग्लासातलं पाणी हलू नये. हॉर्न वाजवायचा नाही म्हणून एका बैलगाडीमागे कितीतरी वेळ रांगत गेले. एरंडोल गेलं, पाळधी गेलं, जळगाव आलं. आमच्या घराचं वळण आलं, आणि त्या वळणावर तेव्हा एक भलामोठा गतिरोधक होता.

मी वळले नाही. अजिंठा चौफुलीवरून उजवीकडे घेतलं आणि औरंगाबादच्या रस्त्याला लागले. माझी पाठ मोडून आली होती, पोटात भूक होती, घरी विलास वाट बघत असणार. पण नेरीपर्यंत आबा घोरत होते आणि त्या आवाजाने माझं मन भरेना. शेवटी पहूरला बाजारामुळे थांबावंच लागलं आणि ते जागे झाले.

"कथा उनूत?"

"पहूर."

"पहूर? आनि घर?"

"घर मागे राहिलं."

"काब्रं?"

"तुम्ही झोपला होतात."

"मी? नई. डोया मिटेल व्हतात नुसता."

"आबा, पारोळ्यापासून घोरताय."

ते बाहेर बघत राहिले. अंधारत आलं होतं, त्यांना काही दिसत नसणार. मग म्हणाले, "म्हंजे किल्ला गया?" मी म्हटलं, पारोळ्याचा किल्ला कधीच गेला. आम्ही तिथे चहा घेतला आणि परत फिरलो.

विलासने दारातच विचारलं, कुठे होतात इतका वेळ? आबा म्हणाले, "पहूरले. तठे चहा चांगला भेटस." तो चहा चांगला नव्हता.

ते टायर वर्षभरही टिकले नाहीत, पुढे मी मधल्या प्रकारचे चार घेतले. तेव्हा वाचकहो, दोन्हीकडे चालतील असे हवे असतील तर मध्यम रबराचे, चारही एकाच जातीचे घ्या, आणि दोनच परवडत असतील तर गाडी छोटी असताना नवे मागे लावा, दुकानात कितीही जणांनी मान हलवली तरी. एवढंच तांत्रिक. बाकी त्या प्रवासातलं काय राहिलं म्हणाल, तर त्या रात्री जेवण झाल्यावर आबांनी हात धुतले, खिशातून साक्रीच्या घराची किल्ली काढली, भिंत चाचपत आमच्या दाराजवळचा खिळा शोधला आणि गाडीच्या किल्लीशेजारी ती अडकवली. नंतर त्यांनी मला विचारलं, सकाळी डॉक्टरकडे किती वाजता निघायचं.